चुलीची अडलेली झडप



चुलीच्या झडपेवर भाषण व्हावयाचें आहे हें ऐकून आपणांपैकीं कांहींना हसूं आलें असेल. स्वयंपाकघरांत गॅस आला, न्हाणीघरांत विजेवर पाणी तापूं लागलें. आतां चूल नि बंब यांचें पुराण कशाला, असेंहि कोणी म्हणेल. २०१६ सालच्या १ मे रोजीं उज्ज्वला योजना सुरू झाली आणि त्यानंतर गॅसच्या टांक्या खेडोपाडीं पोंचल्या, ही गोष्ट खरी. परंतु बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांत जरा डोळे उघडे ठेवून हिंडलें, तर चुलीचें राज्य अजून संपलेलें नाहीं हें ध्यानांत येतें. चहा गॅसवर, भाकरी चुलीवर, आंघोळीचें पाणी बंबांत आणि लग्नकार्याचा स्वयंपाक अंगणांतल्या भट्टीवर, अशी कामाची वांटणी अनेक घरांनीं करून घेतली आहे. शहरांतल्या जुन्या वाड्यांत तांब्याचा बंब अद्याप परसांत उभा असतो.

ह्या सुधारलेल्या चुलींना, बंबांना आणि लोखंडी शेगड्यांना हवा कमीजास्त करण्यासाठीं जी लहानशी झडप असते, ती घट्ट होऊन बसली म्हणजे काय करावें, एवढाच माझा आजचा विषय आहे. विषय लहान खरा. पण त्याच्याशीं सरपणाचा खर्च, घरांतल्या बाईचे डोळे नि छाती, आणि प्रसंगीं माणसाचा जीव बांधलेला आहे.

प्रथम झडपेचें काम काय तें पाहूं. अग्नि लांकूड खातो असें आपण म्हणतों. खरें पाहतां तो लांकडापेक्षां हवाच अधिक खातो. एक किलो वाळलेलें लांकूड पुरतेपणीं जळावयास सुमारें सहा किलो हवा लागते. म्हणजे माणूस उभा राहील एवढ्या लहानशा कोठडींतली सारी हवा. ही हवा कमी पडली तर लांकूड जळत नाहीं, नुसतें धुमसतें. त्यांतला जळण्याजोगा वायु धुराच्या रूपानें बाहेर पडतो. म्हणजे आपण पैसे देऊन घेतलेलें सरपण आपल्याच डोळ्यांत जातें. उलट हवा फाजील झाली तर ती फुकट तापून धुराड्यावाटे निघून जाते आणि भांड्याला मिळावयाची उष्णता आकाशाला मिळते. ह्या दोन टोंकांच्या मधली जागा सांपडावी म्हणून झडप. ती दोन ठिकाणीं असूं शकते. एक खालीं, राख पडते त्या दाराला. तिनें आंत येणारी हवा आंवरते. दुसरी वर, धुराड्यांत. तिनें बाहेर जाणारा ओढा आंवरतो.

आपल्या आजीपणजीच्या मातीच्या चुलीला असली झडप नव्हती. मग तिचें काम कसें चाले? तेथें बाईचा हात हीच झडप होती. भाकरी तव्यावर टाकली कीं लांकूड पुढें सारावयाचें, ती पलटली कीं मागें ओढावयाचें; भात रटरटूं लागला कीं निखारा वैलाखालीं लोटावयाचा; आंच मंदावली कीं फुंकणी घ्यावयाची. ही विद्या कोणी पुस्तकांत लिहिली नाहीं. ती सासूच्या हातांतून सुनेच्या हातांत आली. मात्र तिची किंमत जबर होती. हवा आणि आंच ताब्यांत ठेवण्यासाठीं त्या बाईला सबंध वेळ विस्तवासमोर, धुरांत, वांकून बसावें लागे.

हा धूर घरांतून काढावा आणि सरपणहि वांचवावें, म्हणून ज्यांनीं खटपट केली, त्यांच्या हातून झडप पुढें आली. युरोपांत अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड ह्या शास्त्रज्ञानें उघड्या चुली बंदिस्त केल्या, राखेच्या दाराला हवा मोजून घेण्याची सोय केली आणि धुराड्यांत झडप बसवावी असा आग्रह धरला. आपल्याकडे हें काम वर्ध्यास हातीं घेतलें गेलें. १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचें ठाणें मगनवाडींत होतें आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. तेथून धूर बाहेर नेणाऱ्या मगनचुलीचा प्रसार झाला. पुढें हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधनशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनीं मातीचीच, पण धुराडें आणि झडप असलेली चूल तयार केली, आणि १९५३ सालीं तिच्यावर पुस्तक लिहिलें. १९८० नंतरच्या दशकांत केंद्र सरकारनें सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला. तो २००२ पर्यंत चालला, आणि त्यांत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या.

ह्या साऱ्या प्रयत्नांत एक गोष्ट पुनःपुन्हा आढळली, आणि ती केवळ आपल्याच देशांत आढळली असें नाहीं. चूल बसविणारा निघून गेला, कीं कांहीं महिन्यांनीं तिची झडप एक तर काढून टाकलेली असे, नाहीं तर एकाच जागीं गंजून रुतलेली असे. दोष बायकांच्या अडाणीपणाचा, असा निवाडा देऊन कित्येक मोकळे झाले. माझ्या मतें तो निवाडा अन्यायाचा आहे. जी पट्टी हाताला चटका देते, जी ओढतांना भांडें सांडतें, जी काजळीनें चिकटली असतां कशी सोडवावी हें कोणी सांगितलेलें नाहीं, ती पट्टी कोणतीहि शहाणी बाई एकदां उघडी करील आणि पुन्हां तिच्या वाटेस जाणार नाहीं. पूर्वीं हाताकडे असलेलें काम आपण पत्र्याच्या तुकड्याकडे दिलें. तो तुकडा हलता ठेवण्याची विद्या मात्र द्यावयास विसरलों. ती विद्या थोडक्यांत सांगावी, हाच ह्या भाषणाचा हेतु.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारें साडेसहाशें मीटर उंचीवर वसलेलें आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर हा घाटावरचा मुलूख. मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव हा घाटाखालचा. घाटावर मार्गशीर्ष-पौषांत पहाटेची थंडी चांगलीच झोंबते, आणि तेव्हां बंबाची खरी किंमत कळते. सरपण मात्र वर-खालीं बहुतेक एकाच जातीचें. कापूस संपला कीं पऱ्हाट्या, तूर निघाली कीं तुराट्या, बांधावरची बाभूळ, आणि गोठ्यांतल्या शेणाच्या गोंवऱ्या. प्रत्येक जळणाचा स्वभाव निराळा. तुराटी कागदासारखी भडकते आणि बघतां बघतां विझते. पऱ्हाटी तिच्याहून थोडी दमदार. बाभूळ सावकाश पेटते, पण तिचा निखारा बराच वेळ धग धरतो. गोंवरी मंद धुमसते. तुराट्या घातल्या असतां धुराड्याची झडप थोडी आंवरली नाहीं, तर ज्वाळा भांड्याला न चाटतां सरळ वर पळते. बाभळीचें जाड लांकूड पेटवावयाचें असतां तीच झडप पुरी उघडी नसेल, तर घर धुरानें भरतें. म्हणजे एकाच दिवसांत, एकाच चुलीवर, झडपेला चार वेळां जागा बदलावी लागते. ती रुतून बसली तर एखाद्या जळणाला ती ठीक पडेल. बाकी साऱ्यांना ती चुकीचीच.

झडप घट्ट होण्याचीं कारणें मुख्यतः चार आहेत: राख, काजळी, गंज आणि उष्णता. चारहि कारणांचा परिणाम वरवर सारखाच दिसतो; पण उपाय निरनिराळे आहेत. म्हणून हात लावण्यापूर्वीं कारण ओळखावें. वैद्य नाडी पाहून औषध देतो, तद्वत्.

नाडी पाहण्याची रीत अगदीं सोपी आहे. रात्रीं विस्तव पुरता विझूं द्यावा आणि सकाळीं, चूल थंडगार असतां, झडप हलवून पाहावी. थंड असतां ती सहज सरकते आणि चूल तापल्यावरच अडते, तर दोष उष्णतेचा आहे. धातु फुगत आहे आणि त्याला फुगावयास जागा नाहीं. थंड असतां चिकटलेली आणि किंचित् तापल्यावर सैल होणारी झडप काजळीच्या डांबरानें धरलेली असते, कारण डांबर उष्णतेनें मऊ पडतें. थंड असो वा गरम, सरकतांना खरखर आवाज येतो आणि तांबूस भुकटी गळते, तर तो गंज. आणि झडप बरीचशी मोकळी चालून दर वेळीं एका ठराविक ठिकाणींच थांबते, तर तेथें राख, कोळशाचा खडा किंवा पत्र्याचा वांक आहे असें समजावें.

ह्यांपैकीं राखेचा उपाय सर्वांत सोपा, आणि निम्म्या तक्रारी त्यानेंच मिटतात. राखेच्या दाराची सरकती पट्टी खांचणींत बसते आणि त्या खांचणींत राख भरते. एखादी जुनी दांत घासण्याची कुंचली किंवा बांबूची चपटी काडी घेऊन खांचणी टोंकापासून टोंकापर्यंत कोरावी. पाणी लावूं नये. ओल्या राखेचा गारा होतो आणि वाळला म्हणजे सिमेंटासारखा बसतो. जाळीखालची राख रोज काढावी. ती जाळीला भिडेपर्यंत सांचूं दिली, तर खालून येणारी हवा तर कोंडतेच. शिवाय निखारा थेट राखेवर बसून जाळी आणि दार दोन्ही लाल होतात नि वांकतात.

दुसरें कारण काजळीचें. कोरडी काजळी आणि ओली काजळी ह्यांत भेद केला पाहिजे. कोरडी काजळी हातानें पुसली जाते. ओली मात्र काळ्या लाखेसारखी चकाकते आणि चिमट्यानें खरवडली तरी सुटत नाहीं. ती कोठून येते? ओलें लांकूड कमी हवेंत धुमसत ठेवलें, म्हणजे त्यांतली वाफ आणि अर्धवट जळलेलें डांबर वर जातें आणि थंड धुराड्याच्या भिंतीला लागून तेथेंच निथळतें. ताज्या तोडलेल्या लांकडांत जवळजवळ निम्मा भार पाण्याचाच असतो. तेव्हां ज्या घरीं झडप वरचेवर चिकटते, तेथें झडपेपेक्षां सरपणाच्या खोलीकडे आधीं पाहावें. पावसांत भिजलेल्या पऱ्हाट्या आणि कालच तोडलेली बाभूळ जळत असेल, तर आज सोडविलेली झडप पंधरवड्यांत पुन्हां धरेल.

असें डांबर सोडविण्यासाठीं, काढतां येत असेल तर पट्टी काढून घ्यावी आणि धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यांत बुडवून ठेवावी. रात्रभरानें काळा थर मऊ पडतो आणि तारेच्या कुंचलीनें निघतो. आपल्या जिल्ह्यांतल्या लोणारच्या सरोवराला ह्याच जातीच्या क्षारासाठीं पूर्वींपासून प्रसिद्धि आहे; तेलकट वस्तूवर क्षाराची मात्रा चालते हें आपल्या लोकांस नवें नाहीं. पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर मात्र सोडा वापरूं नये. तो त्या धातूलाच खातो. पट्टी काढतां येत नसेल, तर लहानसा, कोरड्या काड्यांचा, झगझगीत विस्तव करून चूल किंचित् तापवावी, विस्तव विझूं द्यावा, आणि पट्टी हाताला सोसवेल इतकी कोमट असतां फडक्यानें धरून हळूहळू पुढेंमागें करावी. नंतर थंड झाल्यावर उरलेला थर खरवडावा.

ही ओली काजळी केवळ झडप अडविते असें नव्हे. ती स्वतः पेट घेते. कॅनडांत किंवा अमेरिकेच्या उत्तर भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकीं कांहींच्या घरीं कांचेच्या दाराच्या लोखंडी शेगड्या असतात. रात्रभर विस्तव टिकावा म्हणून तेथें झडप आवळून ठेवण्याचा मोह होतो. त्यामुळें धुराड्यांत डांबर सांचतें आणि एखाद्या दिवशीं धुराडेंच आंतून पेटतें. म्हणून अशा देशांत धुराडें वर्षांतून एकदां तरी झाडून घेण्याचा शिरस्ता आहे. आपल्या बंबाच्या मधल्या नळीलाहि तोच न्याय लावावा. दिवाळीच्या अभ्यंगापूर्वीं ती एकदां आंतून घासून घेणें हें बंब चिंचेनें चकाकविण्याइतकेंच अगत्याचें आहे.

तिसरें कारण गंज. लोखंड गंजलें म्हणजे तें झिजतें असें आपण समजतों. पण गंजाला मूळ लोखंडापेक्षां दुपटीहून अधिक जागा लागते. त्यामुळें पट्टी आणि खांचणी ह्यांच्यामधली फट गंजानें भरून येते आणि पट्टी पाचर मारल्यासारखी बसते. आपल्याकडे हें पावसाळ्यांत घडतें. उन्हाळ्यांत बंब बंद होतो. जाळीखालीं राख तशीच राहते. मृगाचा पाऊस लागला कीं ती राख हवेंतली ओल ओढून घेते, आणि चार महिने लोखंडाला ओलें फडकें गुंडाळावें तसा प्रकार होतो. मग थंडी पडल्यावर दार उघडावयास जावें तों तें हलत नाहीं. ह्यावर उत्तम उपाय म्हणजे उन्हाळ्यांतच राख पूर्ण काढून, दार नि झडप कोरड्या फडक्यानें पुसून, किंचित् उघडी ठेवणें. मिटलेली झडप मिटलेल्या स्थितींत गंजली तर संकट. उघडी असतां गंजली तर निदान धूर जावयास वाट राहते.

गंज धरलाच असेल, तर थंड चुलीवर सांध्यांत थोडें पातळ तेल सोडावें आणि एक रात्र थांबावें. दुसऱ्या दिवशीं लांकडाच्या लहान मोगरीनें पट्टीच्या कडेवर हलके हलके ठोके द्यावेत, ओढूं नये. ठोक्यानें गंजाचा बंध सुटतो; ओढण्यानें पट्टी वांकते. सुटल्यावर तेल अगदीं कोरडें पुसून काढावें आणि पॉलिश कागदानें गंज घासावा. हें पुसणें विसरूं नये. कारण येथेंच बहुतेक घरांत दुसरी चूक होते: झडप सैल रहावी म्हणून तिला खोबरेल, गोडें तेल किंवा शिवणयंत्राचें तेल लावून ठेवतात. तेल विस्तवाजवळ टिकत नाहीं. तें जळतें, त्याचा चिकट थर होतो, त्यावर राख बसते, आणि आठ दिवसांत झडप पूर्वींपेक्षां घट्ट होते. रॉकेल तर मुळींच लावूं नये. कोमट चुलीवर त्याची वाफ भडकण्यास वेळ लागत नाहीं.

मग वंगण कशाचें? ग्रॅफाइटचें. मुलांच्या शिसपेन्सिलींत जें काळें असतें, तेंच हें. त्यांत शिसें नसतें. कोळशाच्याच कुळांतलें तें एक गुळगुळीत रूप आहे. तें कोरडें असतें, राख धरीत नाहीं, आणि झडपेपाशीं असणारी सामान्य धग सहन करतें. पट्टीच्या दोन्ही कडांवर आणि खिळीवर मऊ पेन्सिल चांगली रगडावी, किंवा ग्रॅफाइटची भुकटी फडक्यानें चोळावी. चार आण्यांची वस्तु म्हणून तिला हिणवूं नये.

चौथें कारण उष्णतेचें. लोखंडाची एक वीतभराहून थोडी मोठी, म्हणजे तीस सेंटिमीटरची पट्टी चारशें अंशांनीं तापली, तर ती जवळजवळ दीड मिलिमीटरनें वाढते. आतां ज्या लोहारानें ती पट्टी खांचणींत अगदीं चपखल, केंसभरहि फट न ठेवतां बसविली, त्याचें कौशल्य आपण वाखाणतों. पण चूल तापली कीं तेंच कौशल्य नडतें. वाढावयास जागा नसली म्हणजे पट्टी कमानीसारखी वांकते, आणि एकदां वांकली कीं थंड झाल्यावरहि सरळ होत नाहीं. लोखंडी चौकटींत पितळी पट्टी असेल तर अडचण अधिक, कारण पितळ लोखंडाहून जास्त फुगतें. ह्यावर घरगुती इलाज नाहीं. पट्टी काढून लोहाराकडे न्यावी, तिच्या कडा कानसून दोन्ही बाजूंस मिळून दोन-तीन मिलिमीटर मोकळीक करून घ्यावी, आणि वांकली असल्यास जाड पत्र्याची नवी करून घ्यावी. झडप थोडी सैल वाजली तर वाजूं द्यावी. चुलीची झडप ही दागिन्यांच्या पेटीचें झांकण नव्हे.

ह्या चारहि प्रकारांत एक नियम समान आहे: तापलेल्या झडपेशीं झटापट करूं नये. पक्कड घेऊन ओढली, खलबत्त्याच्या दांड्यानें ठोकली, तर पट्टीचा कान तुटतो, मातीच्या चुलीचें धुराडें हादरून तडा जातो, किंवा उकळतें आधण अंगावर येतें. स्वयंपाक चालू असतां झडप अडली तर तिला तशीच राहूं द्यावी आणि आपल्या आजीची विद्या आठवावी. हवा आंवरतां येत नाहीं ना? मग जळण आंवरावें. जाड लांकूड मागें ओढावें, बारीक काड्या थोड्या थोड्या घालाव्या, विस्तव लहान पण निर्मळ ज्वाळेचा ठेवावा. झडपेनें जें साधावयाचें तें पुष्कळसें अशा रीतीनें हातानें साधतें. सरपण थोडें अधिक जाईल, एवढेंच.

परंतु ही मुभा झडप उघडी अडली असेल तरच आहे. ती मिटलेली किंवा बरीचशी मिटलेली अडली, तर त्या दिवशीं ती चूल पेटवूंच नये. पेटलेली असतांना असें झालें, तर दारें-खिडक्या उघडाव्या आणि जळतीं लांकडें चिमट्यानें बाहेर अंगणांत नेऊन विझवावीं. ह्यांत घाबरटपणा नाहीं. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या लांकडापासून आणि विशेषतः धगधगत्या निखाऱ्यांपासून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतला जो पदार्थ प्राणवायु वाहून नेतो, त्याला हा वायु प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक घट्ट चिकटतो. धूर दिसतो, डोळ्यांना झोंबतो, म्हणून माणूस त्यापासून पळतो. हा वायु कांहीं सांगत नाहीं. डोकें दुखतें, मळमळतें, गुंगी येते, आणि माणसाला वाटतें कीं जरा पडावें. तें पडणें शेवटचें ठरूं शकतें. धूर थांबला, आतां नुसते निखारे उरले, म्हणून झडप मिटून, खोलीचीं दारें लावून ऊब कोंडण्याची जी संवय आहे, ती म्हणूनच घातक आहे. कोळशाची शेगडी तर निजण्याच्या खोलींत ठेवूंच नये. कोणाला अशी गुंगी आलेली दिसली, तर प्रथम त्याला मोकळ्या हवेंत न्यावें आणि विलंब न लावतां दवाखान्यांत पोंचवावें.

ह्याच कारणास्तव धुराड्यांतली झडप अशी करून घ्यावी कीं ती कितीहि मिटली तरी पुरी मिटणार नाहीं. पट्टीच्या मध्यें अंगठा सहज जाईल एवढें भोंक पाडावें किंवा तिचा एक कोंपरा कापून टाकावा. म्हणजे ती मिटलेली अडली तरी थोडी वाट उरते. मात्र ही वाट आहे म्हणून वर सांगितलेली काळजी सोडूं नये. ती मदत आहे, हमी नव्हे.

नवी चूल, बंब किंवा शेगडी घ्यावयाची असेल, तर दुकानांतच झडप पांच-सहा वेळां उघडून मिटून पाहावी. ती सुटी काढतां येते काय, तिची मूठ विस्तवापासून पुरेशी दूर आहे काय, मुठीला लांकडाचें वेष्टन आहे काय, हें पाहावें. उघडी कोणत्या बाजूला आणि मिटलेली कोणत्या बाजूला, ह्याची ठळक खूण बाहेरून दिसेल अशी करून घ्यावी. धुराड्याच्या आंत डोकावून कोणी पाहूं शकत नाहीं. आणि बंब तापवावयाचा असो वा चूल पेटवावयाची असो, रोज सकाळीं काडी ओढण्यापूर्वीं झडप एकदां या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवावी. ह्याला अर्धें मिनिटहि लागत नाहीं. रोज हलणाऱ्या वस्तूवर गंज आणि डांबर बसावयास सवड मिळत नाहीं. शिवाय अडचण असेल तर ती विस्तव पेटण्यापूर्वीं कळते.

शेवटीं घरांतल्या कर्त्या पुरुषांस एक विनंति. चूल घेतांना, बसवितांना आणि दुरुस्त करवितांना बोलणें बहुधा पुरुष आणि लोहार किंवा तांबट ह्यांच्यामध्यें होतें. जिनें ती रोज वापरावयाची ती दाराआड उभी असते. झडप कोठें अडते, केव्हां अडते, तापल्यावर कीं थंड असतां, कोणतें जळण घातलें असतां, हीं सारीं उत्तरें तिच्यापाशीं असतात आणि कारागिराला हींच उत्तरें हवीं असतात. तेव्हां दुरुस्तीच्या वेळीं तिला पुढें बोलवावें, तिचें सांगणें ऐकावें आणि तिच्या हाताच्या उंचीला, तिच्या हाताच्या बळाला झेपेल अशी मूठ बसवून घ्यावी. घट्ट झालेली झडप आपल्याला कांहीं तरी सांगत असते: राख सांचली, लांकूड ओलें आहे, ओल शिरली, जागा अपुरी आहे. तिच्यावर बळ करणाऱ्याला हें ऐकूं येत नाहीं. थंड होईतों थांबून पाहणाऱ्याला मात्र तें सहज कळतें.